दोन वाजताची ताई

"तुला यातलं काही येत नाही, म्हणूनच तुला बोलावतेय."

मंडळींनो, सुमतीताई मला हे म्हणाल्या त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी सोळा वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. ताई बेहाला भागातल्या प्रसूतिगृहाच्या प्रमुख होत्या. मी म्हटलं, "ताई, मला रक्त पाहिलं तरी चक्कर येते." त्या म्हणाल्या, "मग तू विचारून विचारून काम करशील. ज्यांना सगळं येतं त्या विचारत नाहीत."

आज तुम्ही सगळे आलात. आपल्या मराठी मंडळाची माणसं आलीत, आणि मागे प्रसूतिगृहातल्या आमच्या बंगाली मैत्रिणी बसल्या आहेत. मी मराठीत बोलतेय, त्यांना नंतर सांगेन. गेल्या मंगळवारी ताई गेल्या. त्यांच्या जागी कोण, हे आज जाहीर व्हायचं आहे. विश्वस्तांनी माझ्या नावाचं नेमणुकीचं पत्र कालच माझ्या हातात दिलं. त्यामुळे बोलणं जास्तच जड जातंय.

पण मी रडायला उभी नाही. ताई जिंकून गेल्या. हे मला मोठ्याने सांगायचं आहे.

आठवतंय ना, याच सभागृहात लोक काय बोलायचे? "सुमतीला वेड लागलंय. सरकारी कचेरीतलं टेबल सोडून बाळंतिणींचे कपडे धुवायला निघाली." चाळिशीत ताई विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून सुईणीचं काम शिकल्या. कोणी टोकलं तर म्हणायच्या, "कचेरीत माझ्या हाताखालून कागद जायचे. आता माणसं येतात."

ताईंची एक रीत होती. दुपारी दोन वाजता पाळी बदलताना, चार्ज देणारीने आधी सांगायचं, आज माझं काय चुकलं. मग बाळंतिणी, मग औषधं. आधी चूक. आणि सुरुवात ताईंपासून.

मला ही रीत भयंकर वाटायची. शाळेत मी चुका दुसऱ्यांच्या काढायचे!

पहिल्याच महिन्यात एक बाई दारात आली. खाटा भरलेल्या होत्या. कळा अजून लांब आहेत असं मला वाटलं. कोणालाही न विचारता मी तिला परत पाठवलं. ती गल्लीच्या वळणावर रिक्षातच बाळंत झाली. मिनती धावली. मिनती म्हणजे आमची तेव्हाची आया, पूर्व बंगालमधून आलेली, चौथी शिकलेली विधवा. तिने रिक्षाला साड्यांचा आडोसा केला, बाळ हातात घेतलं, आईला धीर दिला. दोघं सुखरूप आत आली.

दोन वाजले. ताई उठल्या. म्हणाल्या, "आज माझं चुकलं. दारातून कोणालाच परत पाठवायचं नाही, हे मी हिला सांगितलंच नव्हतं."

माझ्या तोंडून निघालं, "नाही ताई, चूक माझी आहे!"

"मग आधी बोलायचं ना. माझी पाळी फुकट घालवलीस."

आणि मिनती टॉवेलात बाळ घेऊन उभी. ताईंना ती बोडदी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. बंगालीत म्हणाली, "बोडदी, दोघींचं भांडण संपलं असेल तर याचं वजन करू का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवशी मी नोकरी सोडणार होते. सोडली नाही.

त्यानंतर मी पाहिलं, मिनती हळूहळू किती मोठी होत गेली. ताईंनी तिला सुईण केलं. अडलेली बाळंतीण आली की डॉक्टर येईपर्यंत सगळ्या तिच्याकडे बघतात. नवी मुलगी रडू लागली की तिच्याचपाशी जाते. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही.

एका बंदच्या दिवशी ट्राम नाही, बस नाही. ताई चादरी धुवायला स्वतः बसल्या होत्या. दोन वाजता पाहतो तर दुसऱ्या पाळीच्या सगळ्याजणी हजर. चालत आलेल्या, चपला हातात, आणि पुढे मिनती. वाटेतल्या प्रत्येकीला हाका मारत ती घेऊन आली होती. ताईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "आज माझं चुकलं. मला वाटलं होतं, निम्म्याच याल."

मंडळींनो, याहून मोठा विजय कोणता असतो?

अध्यक्षसाहेब, काल विश्वस्तांचं पत्र देताना तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही शिकलेल्या आहात, इंग्रजीत अहवाल लिहिता." लिहिते. पुढेही लिहीन. पण बंदच्या दिवशी माझ्या हाकेला कोणी आलं नसतं. ती जागा मिनतीची आहे. मी तिच्या हाताखाली काम करीन, आनंदाने करीन.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, नियमात बसत नाही. आणि मराठी कळत नसलं तरी आपलं नाव ऐकून मिनती तिकडे मागे मान हलवतेय. तीही नाहीच म्हणणार.

ताई, तुम्हाला आमचा सगळ्यांचा नमस्कार. आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. आणि त्यानंतर, अध्यक्षसाहेब, हे घ्या पत्र. यातलं माझं नाव खोडा आणि तिचं लिहा. इथेच, सगळ्यांसमोर. पेन मी आणलं आहे.