चेटकिणीचं माप

नाही हो सर, आता नाही बदलून मिळणार. उद्या नाटक, आणि तुम्ही आज येऊन सांगता, राजकन्येचा झगा तिला होत नाही! चूक झाली, कबूल—चाळीस वर्षं शाळांच्या नाटकांचे कपडे शिवतेय, एकदा सरकली टेप. बसा ना. त्या स्टुलावर नको, टाचण्या आहेत.

नाटक मात्र झकास लिहिलंत हं. झोपलाय राजपुत्र, आणि राजकन्या चेटकिणीला लोळवून त्याला उठवते—वा! मापांच्या यादीसोबत कागद आले, वाचले मी. वाचू नयेत? म्हणून तर झग्याची पाठीवरची चेन काढून पुढे बटणं लावली. राज्य वाचवणारीला कपडे घालायला दासी कशाला हवी? खिसेही दिलेत, दोन. पण एवढं सगळं नवं केलंत, मग चेटकीणच तेवढी जुनी का? वर्गातली सगळ्यात काळी पोरगी निवडलीत ना? नाही म्हणू नका. यादीत नावं नव्हती, नुसती मापं—पण छाती पंचवीस आणि बाही सतरा? एवढे लांब हात आमच्याच घरात आहेत, सर. नात आहे ती माझी.

मीही चेटकीण होते. ओळीने तीन वर्षं. 'हिला रंग फासायला नको, तेवढाच खर्च वाचला,' म्हणाले होते तेव्हाचे गुरुजी. सगळे हसले, मीही हसले. अजून राग येतो मला, खोटं कशाला बोलू.

काय? राजकन्या केलेल्या त्या दुसऱ्या पोरीवर अन्याय? अहो, तिलाच चेटकीण व्हायचंय! इथे झगा घालून बघताना म्हणाली—राजकन्येला सारखं नीट उभं राहावं लागतं, चेटकिणीला मनसोक्त ओरडता येतं. आणि तो काळा झगा तिला कसा चपखल बसतो! बसेल नाहीतर काय, आठ दिवस दोघी याच टेबलाखाली बसून एकमेकींची वाक्यं पाठ करताहेत, मी आपली शिवता शिवता—

अगं बाई. बोलून गेले का मी?

बरं, झाली नाही चूक. केली. राजकन्येचा झगा नातीच्या मापाने शिवला, काळा त्या दुसरीच्या. आता उसवायला वेळ नाही, आणि असता तरी उसवलं नसतं. पोरी तयार आहेत, कपडे तयार आहेत, राहिलात तुम्ही एकटे. हसताय? लपवू नका, मिशीखाली दिसतंय.

घ्या ही दोन्ही गाठोडी. पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा माझ्यासाठी. आणि निघा आता, सर—रडू येतंय मला, आणि गिऱ्हाइकासमोर मी रडत नाही.