वाटणीतलं होम थिएटर

विश्रामबागेतल्या दुरुस्तीच्या दुकानात दीपमाला बिघडलेला मिक्सर घेऊन आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतल्या एका गड्यानं होम थिएटरचं धूड काउंटरवर आदळलं आणि तो दुकानदाराला म्हणाला,

"सन्मतीशेठ, ह्याचा रिमोटचा सिग्नल घेणारा डोळा काढून टाका."

"का हो आकारामअण्णा? चालतोय की."

"त्येच तर! वाटणीत टीव्ही थोरल्या भावाला गेला, ह्यो मला आला. थोरला तिकडं रिमोटनं टीव्ही लावतोय, आन् मधल्या खिडकीतनं माझा डबाबी चालू हुतोय. टीव्हीची वायरबी खिडकीतनं अजून डब्यालाच जोडल्याली हाय."

"दोन्ही एकाच कंपनीचे ना. खिडकीतनं आलेली वायर काढा आणि खिडकी लावून घ्या."

"वायर काढून त्यानं मुकी कुस्ती बघायची व्हय? त्याच्या टीव्हीचा स्पीकर कवाच गेलाय."

"मग राहू दे आहे तसं."

"कसं ऱ्हाऊ दे? आमी बोलत न्हाई एकमेकाशी. माझ्या वस्तूला त्यानं हुकूम सोडायचा न्हाई!"

"पण डोळा काढला की त्यांचा आवाज बंद होणार."

"कसा हुईल? त्यानं टीव्ही लावला की मी उठून चालू करीन की."

मिक्सरचं झाकण हातात धरून दीपमालेनं मध्येच विचारलं,

"आणि आवाज कमी-जास्त करायचा तर?"

"त्यो खिडकीतनं हात वर-खाली करंल."

"बोलत नाही म्हणालात."

"मग? ह्यात बोलणं कुठं आलं?"