अण्णांची सीट

हसू नका, आधी ऐका. वडील गेले तेव्हा अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून आम्ही भिसेगावच्या अंगणात उभ्या गाडीत, मागच्या सीटवर कलश ठेवला आणि गाडी लॉक केली. भर दुपारी अलार्म बोंबलला. बंद केला की परत सुरू! कंपनीतूनच बसवून आलेला अलार्म, आपल्याला काय कळणार? सलीम मेकॅनिकला बोलावलं. त्याने दारं, बॉनेट, बॅटरी सगळं तपासलं.

“फॉल्ट कायच नाय, भाऊ. आत कायतरी हललं की ह्यो वाजतो.”

“आत फक्त अण्णा आहेत,” मी बोलून गेलो. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

आई ओटीवरून म्हणाली, “त्यांना मागं बसलेलं कधी चाललंय रं? पुढं बसव.”

कलश पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. अलार्म गप्प.

दुसऱ्या दिवशी उल्हास नदीत अस्थी सोडल्या. परत निघताना आई सवयीने मागेच बसली. माझ्या शेजारची सीट रिकामी, आणि गाडी टिंगटिंग करायला लागली. शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की करते, तशी.

मी आरशात आईकडे पाहिलं.

“बघतोस काय?” ती म्हणाली. “लाव त्यांचा पट्टा.”