नानांच्या घरचा दहावा

मंडळी, ऐका! ज्या गर्दीसाठी आपण घरचं माणूस सोडून धावतो, ती गर्दी आपली असते का? सांगा की! बरं, मीच सांगतो.

आमचे केरबानाना वाघचवरे. पंचवीस वर्षं आमदार! मतदारसंघात कुणाचाही दहावा असो, नाना घाटावर हजर. त्यांची गाडी आल्याशिवाय पिंड मांडायचे नाहीत — कावळेसुद्धा खोळंबायचे! हसता काय? तुम्हीच थांबवून धरायचात.

निवडणूक लागली. समोर तुळशीदास खरमाटे, नवा गडी. आणि इकडं घरात नानांच्या पत्नी गजराकाकू अंथरुणाला खिळलेल्या. म्हणाल्या, "आज तरी बसा माझ्यापाशी."

नाना म्हणाले, "अगं, तीन घाटांवर जायचंय. नाही गेलो तर लोक काय म्हणतील? निकाल लागू दे, मग बसतो."

निकाल लागला. नाना पडले! मोजणीवरून मान खाली घालून घरी आले, तर काकूंनी दुपारीच डोळे मिटलेले.

दहाव्याला प्रवचन माझंच होतं. घाटावर आम्ही मोजकी माणसं. गुरुजींनी विचारलं, "सुरू करू या?"

नाना म्हणाले, "थांबा थोडं. माणसं यायचीत."

थांबलो. ऊन डोक्यावर आलं. माणसं कुठली यायला! नेमकी त्याच दिवशी खरमाट्यांच्या सत्काराची मिरवणूक; सगळा तालुका तिथं, गुलालात न्हालेला.

शेवटी पिंड मांडले. कावळा झाडावरून हलेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, नानांना मी सांभाळीन." नाहीच. मग नाना स्वतः पुढं झाले, पिंडासमोर मांडी घालून बसले.

"गजरा, बसलो बघ तुझ्यापाशी. आता कुठं जायचं नाही मला."

मंडळी, कावळा उडाला — आणि नदीपलीकडं निघून गेला! गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. नाना तिथंच बसून राहिले. प्रवचन मी तसंच सोडलं, मला रडूच आलं.

मिरवणुकीत कोण कोण नाचत होतं, ते मला ठाऊक आहे. ते राहू द्या. पण आत्ता, या घडीला, ज्याच्या घरी कुणी अंथरुणात पडून वाट बघतंय आणि तो इथं माझ्यापुढं टाळ्या वाजवत बसलाय — त्यानं उठावं. मंडप ओस पडला तरी मला राग नाही. देवाचं नाव तिथं उशाशी बसून घ्या.

टाळकऱ्यांनो, जरा थांबा. उठणाऱ्यांना वाट द्या.