विदादबाईंचा शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा प्राध्यापक तिर्झा ओस्त्रोव, व्यासपीठावर विराजमान झालेले उपमहापौर, 'गुरुवारच्या बैठकी'चे आजी-माजी सभासद, वादीतून, म्हणजे खालच्या अरब वस्तीतून, चढ चढून आलेली आणि कार्मेल डोंगरावरून उतार उतरून आलेली मंडळी, मागे दाराशी बकलावाच्या परातींवर नजर ठेवून उभे असलेले माझे मित्र, आणि आज जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आमची उत्सवमूर्ती, श्रीमती विदाद शलहूब!

अध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पंधरा घेईन. माइक मीच लावलेला आहे, त्यामुळे तो बंद कोण करणार?

मी भाषण करणारा माणूस नाही. मी मसऊद अबुतबूल. या सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात, ते बटणांचं टेबल दिसतंय ना, तिथं चोवीस वर्षं बसलोय. माझा जन्म निर्वासितांच्या छावणीतल्या पत्र्याच्या झोपडीतला. वडील मोरोक्कोतले ज्यू, फेझहून आले आणि हैफाच्या बंदरात पोती वाहू लागले. मी दहाव्या वर्षी शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडायला लागलो. शाळेनं मला काही शिकवलं नाही, कानांनी शिकवलं. आजही या खोलीत कोणाच्या पोटात गुरगुरतंय ते मी सांगू शकतो. उपमहापौरसाहेब, काळजी करू नका, नाव घेणार नाही.

तर कानांचंच सांगतो. या बैठकीत दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाद होतो. विषय कागदावर दरवेळी नवा असतो, पण खरं तर तो एकच आहे. झायोनिझम म्हणजे काय? पळून आलेल्याचा आसरा, की दुसऱ्याच्या घरात घुसणं? चोवीस वर्षं झाली, निकाल लागलेला नाही. आणि या चोवीस वर्षांत मी डाव्या कानाला हिब्रू लावलं, उजव्या कानाला अरबी. इथं असा माणूस मी एकटाच. बाकी सगळ्यांनी एकच कान लावला. आणि दोन्ही कानांत आवाज कोणाचा? त्या काचेच्या खोलीत बसलेल्या आमच्या दुभाषी विदादबाईंचा.

तिची काम करण्याची रीत नव्या लोकांना माहीत नसेल. बोलणारा जे बोलतो तेच ती बोलते, त्याच्या जागी बसून. "वक्ते म्हणतात की" असलं काही नाही. ज्यू म्हातारा म्हणाला, "मी अनाथ होतो," तर विदादबाई अरबीत म्हणतात, "मी अनाथ होते." वादीतला म्हातारा म्हणाला, "माझं दुकान गेलं," तर विदादबाई हिब्रूत म्हणतात, "माझं दुकान गेलं." एका संध्याकाळी ही बाई चार वेळा अनाथ झालेली, तीन वेळा बेघर झालेली आणि एकदा तर चक्क पॅराशूट पथकात भरती झालेली मी ऐकली आहे! आणि मध्यंतरात बाहेर येऊन विचारायची, "मसऊद, कॉफीत वेलची घातलीय की नुसतीच दाखवलीय?"

स्वतःचं मात्र एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं, "बाई, तुमचं स्वतःचं मत काय?" म्हणाली, "माझं मत मी दाराबाहेर चपलांबरोबर ठेवते."

फक्त एकदा ते आत आलं. ती गोष्ट सांगायला मी उभा आहे. आपल्यातले निम्मे लोक त्या दिवशी इथं होते आणि निम्म्या लोकांना ती चुकीची माहीत आहे.

आठ वर्षांपूर्वीचा मे महिना. मे महिन्यात, देशाच्या स्थापनादिनाला, आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. एकाच आठवड्यात अर्धं शहर झेंडे लावतं आणि अर्धं शहर पडदे ओढतं. विषय होता, अठ्ठेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये हैफातली अरब घरं रिकामी झाली ती कशी. एका बाजूला अबू नस्री, वादीतले निवृत्त भूगोल मास्तर. ते पहा, हसताहेत. दुसऱ्या बाजूला गेरशोन फायरश्टाइन, युरोपातल्या चेर्नोविट्झहून चौदाव्या वर्षी मावशीचा हात धरून बोटीनं आलेले.

अबू नस्रींनी सुरुवातच अशी केली: "तिकडे स्वित्झर्लंडात, बाझलच्या हॉलमध्ये तुमच्या पुढाऱ्यांनी इथं देश वसवायचा ठराव केला, टाळ्या वाजवल्या, कॉफी प्याले. फक्त माझ्या आजोबांना पत्र टाकायचं राहून गेलं."

गेरशोन म्हणाले, "मास्तर, मला कुठल्या हॉलमध्ये कुणी बोलावलं होतं? महायुद्धात माझ्या आईबापाला बर्फात चालवत नेलं. मी परत आलो तेव्हा आमच्या घरात दुसरं कुणी जेवत होतं. जगातला एकही देश म्हणाला नाही, ये पोरा. हा एकच म्हणाला."

"देश म्हणाला नाही हो," अबू नस्री म्हणाले. "देशात तेव्हा आम्ही होतो. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

किती छान चाललं होतं! मी टेबलाला धरून बसलो होतो. दोघांचंही खरं आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकवेना. मग गेरशोन भरात आले. डोंगरउतारावरच्या घराचं सांगायला लागले. आल्यावर सरकारनं त्यांना आणि मावशीला एक खोली दिली. रिकामं घर. नक्षीची सिमेंटची फरशी. चार फरश्या जुळल्या की एक फूल होतं. "पण स्वयंपाकघराच्या दाराशी," ते म्हणाले, "एक फरशी उलटी बसवलीय. तिथलं फूल मोडलंय. साठ वर्षं मी त्या मोडक्या फुलावरून चालतोय. कारागीर असा कसा चुकला, हे कोडं मला सुटलेलं नाही."

डाव्या कानात हे संपलं. उजव्या कानात अरबीत तेच चाललं होतं, आणि ते संपलं नाही. एक वाक्य जास्त आलं. "ती फरशी माझ्या बापानं बसवली, अकरा वर्षांचा असताना."

मंडळी, मी कानांवरचं यंत्र दाबून धरलं. गेरशोन हे बोललेच नव्हते! पण अरबी ऐकणाऱ्यांना कसं कळणार? त्यांना सोळा वर्षांची सवय. काचेतून जे येतं ते वक्त्याचं.

अबू नस्री उठलेच. "अरे वा! घर घेतलंत ते घेतलंत, आता फरशीपण तुमच्या बापानं बसवली? तुमचा बाप तेव्हा चेर्नोविट्झला होता ना हो?"

आणि बिचाऱ्या विदादबाई! हे हिब्रूत कोणी सांगायचं? त्यांनीच. सांगितलं, शब्द न शब्द, त्याच टोमण्यासकट. गेरशोन पांढरेफटक. "फरशीच्या गोष्टीत मी बापाचं नावसुद्धा काढलं नाही! माझा बाप त्या बर्फात मेला! मेलेल्या माणसाची थट्टा करता?" खुर्च्या सरकल्या. कुणीतरी ओरडलं, "खोटारडे!" कुणीतरी विचारलं, "कोण खोटारडा?" कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या सभागृहात फक्त दोघांना माहीत होतं. एक काचेच्या आत, एक टेबलाशी.

मी काय करायला हवं होतं? उठून सांगितलं असतं, तर बाईंचं काम गेलं असतं. दुभाष्यानं पदरचं घातलं की त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही, हा त्यांच्या धंद्याचा कायदा. गप्प बसलो असतो तर गेरशोन सगळ्या वादीत खोटे ठरले असते. मी काचेकडे पाहिलं. तिनं हात वर केला आणि बोट हॉलच्या कर्ण्यांकडे दाखवलं. मी मान हलवली, नको. तिनं पुन्हा दाखवलं. मी बटण दाबलं.

पहिल्यांदा तिचा आवाज कानातून नाही, छतातून आला. आधी अरबीत, मग हिब्रूत. "शेवटचं वाक्य वक्त्यांचं नव्हतं. ते दुभाष्याचं होतं. घर माझ्या आजोबांनी बांधलं. फरशी माझ्या वडिलांनी लावली, चुकली, आणि आजोबांनी ती तशीच राहू दिली, म्हणजे पोराला रोज दिसेल. चूक माझी आहे. श्री. फायरश्टाइन, आपण पुढे बोला."

पुढे बोला! कोण बोलणार पुढे? तिचे वडील त्या एप्रिलनंतर वादीत एका खोलीत राहिले. स्वतःच्या घरापासून दहा मिनिटं चालत, आणि कायद्याच्या कागदावर 'गैरहजर', म्हणून घर सरकारजमा. हे मला नंतर कळलं, तेही तिच्याकडून नाही.

गेरशोन काचेपाशी गेले. म्हणाले, "बाई, चला. आत्ता चला. बघा ती फरशी."

ती म्हणाली, "मी कामावर आहे. तुमची सतरा मिनिटं शिल्लक आहेत."

आणि त्या म्हाताऱ्यानं ती सतरा मिनिटं वापरली, हेही सांगितलं पाहिजे! माघार घेतली नाही. म्हणाले, "मला हे ऐकून वाईट वाटलं, पण मला जायला दुसरी जागा नव्हती. आजही नाही." आणि विदाद शलहूबनं, जिच्या बापाचं ते घर, तिनं अरबीत, वादीच्या लोकांच्या कानात, आवाज हलू न देता सांगितलं: "मला जायला दुसरी जागा नव्हती. आजही नाही." मित्रहो, मी लग्नं ऐकली, मंत्री ऐकले, युद्धाचे भोंगे ऐकले. असं काही ऐकलं नाही.

नंतर दोन तक्रारअर्ज आले. एक म्हणाला बाई अरबांच्या बाजूच्या, दुसरा म्हणाला ज्यूंच्या. समितीनं दोन्ही एकाच फायलीत लावले आणि बाईंना पुढच्या गुरुवारचं बोलावणं धाडलं. गेरशोन दर वर्षी तिला घरी बोलावतात. ती दर वर्षी आभार मानते आणि जात नाही. का जात नाही, ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्षबाई घड्याळ दाखवताहेत, मी ते पाहिलेलं नाही.

निवृत्तीची भेट काय हवी, असं समितीनं तिला विचारलं. तिनं एकच मागितलं. "एकदा व्यासपीठावरून बोलायचंय. अरबीत. माझं." आणि काचेच्या खोलीत कोण? नवी दुभाषी, ओफिरा सासोन, बगदादी ज्यू घरातली हुशार मुलगी. अट एकच: ओफिरानं रीत मोडायची नाही. विदाद जे बोलेल ते तसंच, तिच्या जागी बसून.

झालं! समितीत आग लागली. एक सभासद म्हणाले, "एक ज्यू बाई आमच्या कानात 'माझ्या आजोबांचं घर तुम्ही घेतलंत' म्हणणार? तिनं 'त्या म्हणतात' एवढं लावावं, काय बिघडतं?" त्यांचं नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे बसले आहेत. आणि अबू नस्री, तुम्ही काय म्हणालात? "आमचं दुःखसुद्धा आता त्यांच्याच आवाजात? उद्या म्हणतील, हेही आमचंच. 'त्या म्हणतात' लावाच!" चोवीस वर्षांत दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि कशावर, तर विदादबाईंना अडवण्यावर!

बाई उठली. "मग मी बोलत नाही. बकलावा खा आणि घरी जा."

आज दुपारी चार वाजेपर्यंत हीच स्थिती होती. मी हारसुद्धा पिशवीतून काढला नव्हता. चार वाजता गेरशोन आले, पंच्याऐंशी वर्षांचे, नातवाच्या गाडीतून. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मी झायोनिस्ट आहे, झायोनिस्ट म्हणूनच मरेन. घराची किल्ली कुणाला देत नाही, उगाच टाळ्या वाजवू नका. पण त्या दिवशी मी बोललो ते हिनं अरबीत कसं सांगितलं, मसऊदनं मला नंतर टेपवर ऐकवलं. मला अरबी चारच शब्द येतात, पण तेवढं समजलं. 'तो म्हणतो' असं तिनं कुठंही लावलं नाही. त्या घराबद्दल माझी आणि हिची, दोघांची बाजू त्या दिवशी तिनं एकटीनं मांडली. आता तिची पाळी आली तर आम्ही तिच्या तोंडासमोर पडदा धरायचा? मला लाज वाटते. मतदान घ्या."

घेतलं. अबू नस्रींनी पहिला हात वर केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मसऊद, आवाज कमी-जास्त केलास तर बघ!" दुसऱ्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्यांनी हात वर केला नाही. पण आले आहेत. बसले आहेत. मला तेवढं पुरे आहे.

ओफिराला मी मघाशी विचारलं, "घाबरलीस का?" म्हणाली, "खूप." म्हटलं, "छान. विदादबाई चोवीस वर्षं घाबरत होती, कुणाला कळलं नाही."

मान्यवरांचा, समितीचा, बकलावा आणि गरम बुरेका करून आणणाऱ्या घरांचा, आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं गुपित निसटलं असेल, तर या बटणवाल्याला मोठ्या मनानं क्षमा करा. मला दुसऱ्याचा आवाज वाढवायची सवय आहे, स्वतःचा आवरायची नाही.

आता हिब्रू ऐकणाऱ्यांनी यंत्र कानाला लावा. दुसऱ्या रांगेतही, कृपा करून. विदादबाई, या. वेळेचं बंधन नाही.