मागच्या दाराने आलेला पट्टा

मार्चमधला मंगळवार, ऊन कडक, आणि नेमका तेव्हाच आमच्या लातूरच्या डाळ मिलमध्ये मशीनचा पट्टा तुटला. संध्याकाळपर्यंत ट्रक भरला नसता तर नांदेडचं गिऱ्हाईक हातचं गेलं असतं. मालक ओरडले, "सुपरवायझर हाईस ना? मग कर कायतरी!"

मी शेजारच्या मिलचे सुपरवायझर रशीदभाई यांना फोन लावला. दोन्ही मालकांचं वाकडं. आम्ही मात्र रोज सोबत चहा पिणारे. रशीदभाई पट्टा घेऊन मागच्या दाराने आले आणि आमच्या मालकांना म्हणाले, "शेठ, आमच्या मालकाला सांगू नका. तुमच्या माणसाशी बोललास तर काढून टाकीन म्हणलेत."

मालक म्हणाले, "हाव, मीबी ह्याला तेच सांगून ठेवलंय."

मग त्यांनी तीन चहा मागवले. ट्रक सव्वापाचला निघाला.