गल्लीच्या तोंडाची साखळी

…नाही, मला सांगा, गल्ली त्याने बांधली? नाही! झाडतो? नाही! खड्डा पडला तर पाटीभर खडी टाकतो? नाव नको! दोन खांब, मध्ये साखळी, बाजूला खुर्ची, खुर्चीत तो. टेम्पो आला की हात पुढे. पैसे पडले की साखळी वर. साखळी उचलायची, बस! परवाना कोणी दिला विचारलं तर म्हणतो, "काका, वर बोला." वर कुठे? वर आभाळ!

तुम्हाला सांगतो, आमचं लेथचं वर्कशॉप. पंपाचे शाफ्ट करतो, मी आणि माझा मुलगा. लोखंड आत येताना पैसे, शाफ्ट बाहेर जाताना पैसे. शेवटी आम्ही भाव वाढवला, तर गिऱ्हाईक म्हणालं, "बघतो हं…" ते गेलं ते गेलंच! शेजारचा वेल्डर बुडाला, पलीकडचा स्प्रिंगवाला बुडाला, साखळीवाल्याच्या घरावर मात्र दुसरा मजला चढला. आणि गाड्या कमी झाल्या म्हणून याने दर वाढवला! करतो काय? साखळी उचलायची, बस!

आणि माझा मुलगा… बोटांना डोळे आहेत हो त्याच्या! नुसतं बोट फिरवून सांगायचा, "बाबा, केसभर जास्त आहे." त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. "मुलगा काय करतो?" "लेथवर असतो." चहासुद्धा गार आला! तेवढ्यात साखळीवाल्याला गल्लीच्या मागच्या तोंडालाही साखळी लावायची होती, खुर्चीत बसायला माणूस हवा होता. पगार ऐकून बायको म्हणते, "अहो, जाऊ द्या ना त्याला! कपड्याला डाग नाही, नखात काळं नाही." मी ओरडलो, "अगं, हात वाया जाईल त्याचा!" तर पोरगा शांतपणे म्हणाला, "हाताने काय मिळालं, बाबा?"

जाण्याआधी त्याने लेथवर एक शेवटचं काम केलं. कप्पी आणि पायपट्टी. बसल्या जागी पाय दाबला की साखळी आपोआप वर. म्हणजे आता उचलायचीही नाही!

काल लेथ विकला. टेम्पोत चढवला, मागच्या तोंडाशी आलो. खुर्चीत पोरगा. माझ्याकडे बघेना. "बाबा… नियम सगळ्यांना सारखा." दिले पैसे. त्याने पाय दाबला… आणि तुम्हाला सांगतो, साखळी काय सुरेख वर गेली हो! कुरकुर नाही, हिसका नाही. इतकं सफाईदार काम आमच्या वर्कशॉपमधून उभ्या जन्मात बाहेर पडलं नव्हतं.